मापाचं ब्लाऊज

आमची आई कुणाही बाईचं माप टेपनं घेत नाही. परंड्यातल्या आमच्या घरी पुढच्या खोलीत तिचं शिलाई मशीन आहे. आमच्या गल्लीतली किंवा आसपासच्या खेड्यातली कुणी बाई ब्लाऊजपीस घेऊन आली की आई नुसता हात पुढं करते आणि विचारते, "मापाचं आणलंय का?" मापाचं म्हणजे अंगाला नीट बसणारं एखादं जुनं ब्लाऊज. ते उलटं करून पसरायचं आणि त्यावरून नवं बेतायचं. टेप तिच्या गळ्यात असते, पण ती कापड मोजायला. टेपनं का घेत नाहीस म्हणून मी लहानपणी एकदा विचारलं होतं. ती म्हणाली, "टेप लावली की बाई पोट आत घेती. मग घरी जाऊन श्वास सोडला की हुक तुटतेत, अन् नाव आमचं खराब. जुनं ब्लाऊज खोटं बोलत न्हाय."

हे मी कितीतरी वर्षं खरं धरून चालले होते. माझ्या धाकट्या बहिणीच्या लग्नापर्यंत.

आधी माझं सांगते, म्हणजे धाकटीचं कळेल. मी लग्नाची होते तेव्हा काडीसारखी होते, आणि तेव्हा काडी असणं हा गुन्हा होता. येईल ती बाई माझं मनगट धरून बघायची आणि आईला विचारायची, "हिला खायला घालता का न्हाय?" स्थळ येणार असलं की आठ-आठ दिवस आधीपासून दूध-केळी, डिंकाचे लाडू, तुपात थबथबलेली खिचडी, असा सगळा मारा. मला ते बघूनच मळमळायचं. एकदा तर बघायला पाहुणे आले तेव्हा आईनं मला साडीच्या आत दोन परकर घालायला लावले. एप्रिलचा महिना, अंगावर दोन परकर आणि हातात पोह्यांचा ट्रे. पाहुण्यांनी पोहे खाल्ले आणि निरोप धाडला, मुलगी नाजूक आहे, रानातल्या कामाला टिकायची नाही. शेवटी ढोकीचं स्थळ आलं. साखर कारखान्यात नोकरी, रानाचा संबंध नाही, म्हणून जमलं. मनगट धरणाऱ्या बायांवरचा माझा राग मात्र अजून गेलेला नाही, आणि तो जावा अशी माझी इच्छाही नाही.

धाकटी माझ्यापेक्षा दहा वर्षांनी लहान आणि माझ्या अगदी उलट. अंगानं भरलेली, गालावर लाली, हसली की सगळं अंग हसायचं. भाकरी तव्यावर असतानाच ताट घेऊन बसणारी. शेंगापोळीवर तूप कमी पडलं तर भांडायची. तिला बघून आमच्याकडच्या जुन्या बाया म्हणायच्या, "खात्यापित्या घरची दिसती." हे कौतुक होतं. मला वाटायचं, चला, हिला तरी दोन परकर घालावे लागणार नाहीत.

तिचं लग्न भूमकडच्या घरात ठरलं. मुलगा पुण्याला कंपनीत आहे. साध्या स्वभावाचा, कमी बोलणारा माणूस. सुपारी फुटली, कुंकू लागलं आणि मग निघालं ते प्री-वेडिंगचं खूळ. आमच्या किल्ल्यावर फोटो काढायचे ठरले. मी सोबत म्हणून गेले होते. फोटोवाला सारखा म्हणत होता, "ताई, दंड अंगाला चिकटवू नका, जाड दिसतोय. हनुवटी वर. श्वास आत घ्या." धाकटी आधी हसत होती. उन्हं कलेपर्यंत तिचं हसू गेलं होतं आणि ती प्रत्येक फोटोनंतर कॅमेऱ्यात जाऊन आपले दंड बघत होती.

फोटो आले तेव्हा मी नीट निरखून पाहिले. धाकटीची कंबर बारीक केली होती, आणि ती बारीक करताना तिच्या मागची किल्ल्याची भिंतही आत ओढली गेली होती. दगड वाकलेले. तोफांना दाद न देणारी भिंत या पठ्ठ्यानं माउसनं वाकवली, असं मी म्हणाले. सगळे हसले. धाकटी हसली नाही. ती म्हणाली, "म्हणजे तेवढं करूनसुद्धा मी अशी दिसते?"

त्या फोटोंचा एक व्हिडिओ मुलानं इन्स्टावर टाकला. त्याच्याखाली त्याच्या कुठल्याशा मामेबहिणीनं लिहिलं, "वहिनी जरा हेल्दी आहेत, पण क्यूट." पुढं हसणारी तोंडं. आता हेल्दी म्हणजे काय? निरोगी. शाळेत तसंच शिकवलं होतं. पण आजकाल एखाद्या मुलीला हेल्दी म्हटलं की तिनं जेवायचं ताट पुढं ढकलायचं, एवढाच त्याचा अर्थ उरलाय. आमच्या वेळच्या बाया निदान तोंडावर बोलायच्या. त्यांना उलटं बोलता यायचं, निदान मागून नाव तरी ठेवता यायचं. हे फोनवरचं कुणाला बोलणार?

सुपारीनंतर विहीणबाईंचा फोन आला. लग्नाचा शालू त्यांच्याकडून, त्यामुळे त्यावरचं ब्लाऊजही तेच शिवून घेणार. आमच्याकडं तशी रीतच आहे. "मापाचं तेवढं धाडून द्या," त्या म्हणाल्या. आईच्या मशीनवर तेव्हा लग्नसराईच्या कपड्यांचा ढीग होता. ती धाकटीला म्हणाली, तुझं तू दे बांधून. धाकटीनं पिशवी बांधून दिली. भूमला जाणाऱ्या एका नातेवाइकाच्या हाती ती गेली, आणि विषय संपला.

तिनं काय बांधून दिलं होतं ते मला होळीला कळलं. मी ढोकीहून बार्शी, बार्शीहून परंडा अशा एसट्या बदलत घरी पोचले. धाकटी दार उघडायला आली आणि मला वाटलं ही आजारातून उठलीय. गालाची हाडं वर आलेली. दुपारी पुरणपोळी झाली. तिनं चतकोर घेतला, त्याचे तुकडे केले, ते ताटात इकडून तिकडं फिरवले आणि हात धुतला. मी तिला परसात गाठलं. "काय करायलीस हे?"

तिनं सांगितलं ते ऐकून मला तिच्या कानफटात मारावी असं वाटलं आणि कवटाळावं असंही वाटलं. मापाचं म्हणून तिनं बारावीतलं ब्लाऊज धाडलं होतं. निरोपसमारंभाला तिनं पहिल्यांदा साडी नेसली होती, तेव्हाचं. "त्यांना कळायला नको मी एवढी आहे म्हणून," ती म्हणाली. "आता लग्नाच्या दिवशी ते बसलंच पाहिजे ताई. मांडवात हुक लागला नाही तर मी काय करू?"

"फोन करून सांग की चुकून दुसरं आलं. दुसरं धाडू."

"काय सांगू? जाडीचं माप धाडते म्हणून?"

मग तिनं फोन काढून दाखवला. एक हसरी बाई सकाळचं लिंबूपाणी सांगत होती, दुसरी जिऱ्याचं पाणी. तिसरी म्हणत होती की पोटात कावळे ओरडतात तेव्हा खूश व्हा, तेव्हा चरबी जळत असते. एकीचं संपलं की दुसरी आपोआप येत होती. सगळ्यांच्या मागं स्वच्छ पांढरी स्वयंपाकघरं होती आणि एकीच्याही ओट्यावर खरकटं भांडं नव्हतं. धाकटी त्यांची नावं अशी घेत होती जशी आपण शेजारणींची घेतो. तिच्या दिवसभराच्या खाण्यात दोन काकड्या, ताक आणि रात्री मूठभर फुटाणे एवढंच होतं.

मी तडक आत जाऊन आईला सगळं सांगितलं. आई दोरा ओवता ओवता म्हणाली, "लग्नाच्या तोंडाला पोरी वाळतेतच. काळजी असती मनाला. मी बी वाळले हुते. लगीन झालं की अंग धरती." मी आवाज चढवला तर म्हणाली, "तू कशाला बोलतीस? तुला तरी कुठं भरवता आलं आमाला?" ते लागलं मला. पण खरं सांगायचं तर आईला तसं वाटणं चूक नव्हतं. तिच्या हाताखालून गेलेल्या सगळ्या नवऱ्या मुली थोड्याफार वाळल्या होत्या आणि वर्षभरात ब्लाऊज उसवायला परत आल्या होत्या. त्यात दारावरून जाणारी प्रत्येक बाई धाकटीला बघून थांबत होती. "काय चमक आलीय गं! काय केलंस?" ज्यांनी माझं मनगट धरलं होतं, त्याच बाया हे विचारत होत्या. आता त्यांच्या पोरींना बारीक व्हायचं होतं.

मी महिन्या-पंधरा दिवसांनी जायचे, त्यामुळं मला फरक जास्त दिसायचा. रोज बघणाऱ्याला तो दिसत नव्हता. एकदा ती केस विंचरून उठली तेव्हा फणीत केसांचा पुंजका होता. तिनं तो पटकन मुठीत दाबला. आईनं लग्नाच्या आधी तिला हळूच विचारलं, तारीख आड येतीय का, गोळी आणायची का. धाकटी म्हणाली, "नाही येणार. तू काळजी करू नको." आईला हायसं वाटलं.

हळदीच्या आदल्या दिवशी विहीणबाईंकडून शालू आला आणि त्याच्याबरोबर ब्लाऊज. खोलीचं दार लावून घेतलं. आत आई, मी आणि धाकटी. धाकटीनं डोळे मिटून हात घातले. बसलं नाही तर ही पोरगी लग्नाला उभी राहायची नाही, अशी भीती वाटत होती.

ब्लाऊज तिच्या अंगावर लोंबत होतं. खांद्यावरून उतरत होतं. पाठीमागं एवढा झोळ होता की त्यात माझी मूठ मावली असती.

काय झालं होतं ते विहीणबाईंनी मांडवात भेटल्यावर सांगितलं. म्हणाल्या, "ते मापाचं बघितल्या बघितल्या म्या म्हणलं, हे पोरीचं न्हवंच. सुपारीला कुंकू लावताना जवळनं बघितलीय की तिला. चुकून दुसऱ्याच कुणाचं आलं असंल. उगं फोन करून तुमाला कशाला वशाळं करायचं? टेलरला म्हणलं, अंदाजानं ढिलं शिव अन् आत कापड बी सोड."

मला त्या बाईच्या पाया पडावं असं वाटलं. तिनं माझ्या बहिणीला आहे तशी बघितली होती, आहे त्या अंगाला बसेल असं ब्लाऊज शिवून घेतलं होतं, आणि त्यात तिला काही वावगंसुद्धा वाटलं नव्हतं. आणि त्याच अंगाला लपवण्यासाठी ही पोर चार महिने उपाशी राहिली होती.

पण त्या दिवशी खोलीत हे काही माहीत नव्हतं. मला वाटलं धाकटी रडेल. ती उड्या मारत होती. आरशासमोर उभं राहून, ब्लाऊजचा झोळ चिमटीत धरून, फोन वर करून ती स्वतःचा व्हिडिओ काढत होती. "बघ आई, ढिलं झालं! ढिलं झालं!" मी तिला इतकी खूश लग्न ठरल्यावरही पाहिलं नव्हतं. आणि मला त्या आनंदाची फार भीती वाटली.

बाहेर मांडवाचे खांब रोवत होते. आई मशीनवर बसली आणि तिनं दोन्ही बाजूंनी ब्लाऊज आत घेतलं. मी कात्री पुढं केली तर म्हणाली, "कापू नगं. जास्तीचं समदं आतच राहू दे. अंग धरलं की उसवून देते." तिनं ते कापड आत दुमडून बारीक टाके घातले. तिचे डोळे भरलेले होते. पोरगी सासरी चालली म्हणून, असं ती म्हणाली, आणि मीही तेच धरून चालले.

लग्न झालं. धाकटी देखणी दिसली असं सगळं गाव म्हणालं. अल्बम आला. आधीच चिपाड झालेल्या पोरीला फोटोवाल्यानं त्यात आणखी बारीक आणि आणखी गोरं केलं होतं. अल्बममधली ती बाई माझ्या ओळखीची नव्हती. धाकटी पानं उलटत म्हणाली, "इथं दंड नीट आलाय बघ." मी अल्बम मिटून कपाटात टाकला. पुण्याहून जावयांचा एकदा मला फोन आला. चाचरत म्हणाले, "ताई, तुम्ही जरा समजावून सांगा. मी म्हणतो, सुपारीला होती तशीच मला आवडली होती. तर म्हणते, तुम्ही मन राखायला बोलता." सख्ख्या नवऱ्यापेक्षा तिला फोनमधल्या त्या बायांचा भरवसा जास्त होता. याला काय करायचं?

आखाड लागायच्या आधी विहीणबाई महिनाभर पुण्याला राहून आल्या. आल्या आल्या त्यांनी आईला फोन केला. आवाज अगदी खाली आणून म्हणाल्या, "महिनाभर हुते, सून बाजूला बसली न्हाय. म्या अजून कुणाला बोलले न्हाय. पण पोरीला जपा." आईनं फोन ठेवला आणि देवापुढं साखर ठेवली. मग मला फोन, आणि दृष्ट लागेल म्हणून धाकटीला एवढ्यात काही विचारायचं नाही अशी ताकीद. तिच्या आवाजावरूनच मला कळलं. मी सुद्धा वेड्यासारखी हसले. मनात म्हटलं, सुटली. आता ही खाईल. आता हिला कुणी बारीक हो म्हणणार नाही.

पहिली पंचमी माहेरची. आईनं तिला शालू आणि ब्लाऊज सोबत आणायला सांगितलं होतं. मीही ढोकीहून आले. धाकटी रिक्षातून उतरली ती भिंतीला हात टेकत आत आली. आईनं तिच्यावरून भाकरतुकडा ओवाळून टाकला. दम खाऊ दिला नाही, आधी पिशवीतून ब्लाऊज काढलं. "उद्या पंचमी. कात्रीला, सुईला हात लावायचा न्हाय. आजच उसवून ठेवते. आता तुझं अंग भरायचं." तिचा चेहरा इतका फुलला होता की मला बघवत नव्हतं.

तिनं ब्लाऊज उलटं केलं. आणि हात थांबला.

आत कापड नव्हतं. दोन्ही बाजूंनी, टाक्यांच्या अगदी लगत, ते कापून टाकलेलं होतं. कात्री वेडीवाकडी चालली होती, धागे सुटले होते.

"आत जाड लागत होतं," धाकटी म्हणाली. "वरून फुगल्यासारखं दिसायचं. मी काढलं."

"अगं पण आता दिवस गेलेत तुला. मग हे..."

"तसलं काही नाही आई."

"म्हंजी?"

"टेस्ट केली मी. दोनदा केली." ती जमिनीकडं बघत होती. "पाळीच येत नाही. लग्नाच्या आधीपासनं येत नाही."

आई मशीनच्या स्टुलावर बसली. मला एकदम ते आठवलं, 'नाही येणार, तू काळजी करू नको.' तेव्हा आईला हायसं वाटलं होतं. धाकटी माझ्याकडं सरकली. फार हळू बोलली. "ताई, आधी भूक मारायला लागायची. आता लागतच नाही. मी ह्यांच्यासाठी वरणभात केला, वास घेतला, खाऊन बघू म्हटलं. घास गिळायलाच येईना. मला भ्या वाटतंय गं." लग्न ठरल्यापासून पुण्याच्या सुनेसारखं बोलायची सवय करत होती ती. घाबरली तेव्हा घरचं बोलणं तोंडात आलं.

तेवढ्यात आईचा फोन वाजला. विहीणबाई. आईनं यांत्रिकपणे स्पीकर लावला, कारण तिला एरवी फोनवरचं नीट ऐकू येत नाही. "पोचली का सून? तिला झोक्यावर बसू देऊ नका. अन् दिंड चांगले तूप घालून द्या. आता दोघांचं खायचंय म्हणावं." आई म्हणाली, "व्हय." मग परत म्हणाली, "व्हय, देते." आणि फोन ठेवला. मी एवढंच म्हणाले की परवा सकाळच्या गाडीनं बार्शीला दवाखान्यात जायचं, मी बरोबर येते, आणि विहीणबाईंना मी सांगते. धाकटीनं मान हलवली. तिनं वाद घातला नाही, याचंच मला जास्त वाईट वाटलं.

दुसऱ्या दिवशी पंचमी. आमच्याकडं त्या दिवशी चिरत नाहीत, कापत नाहीत, तवा ठेवत नाहीत. पुरणाचे दिंड उकडतात. आईनं धाकटीच्या पुढं ताट ठेवलं. एका दिंडावर वितळलेलं तूप. लहानपणी ही माझ्या ताटातलेही पळवायची. तिनं एक घास घेतला. तो गालात धरून बसली. खूप वेळानं गिळला. दुसरा घेतला नाही. ताट तसंच राहिलं.

मग आई उठली. मशीनला पंचमीमुळं फडकं झाकलेलं होतं. त्याच्या खुंटीवरची टेप तिनं काढली. "उभी ऱ्हा," ती धाकटीला म्हणाली.

"आज शिवायचं नसतंय ना?"

"शिवत न्हाय. बघायचंय."

आईच्या हातानं कुणाचं माप टेपनं घेतलेलं मी पहिल्यांदा बघत होते. तिनं दंडाला टेप लावली, मग छातीला. प्रत्येक वेळी ती आकडा दोनदा बघायची. टेप नेहमीची होती, पण तिचा उरलेला भाग आईच्या हातात लांबच लांब लोंबत होता. शेवटी तिनं ती पोटावरून घेतली, दोन्ही टोकं जुळवली आणि थांबली. धाकटी ताठ उभी होती.

"पोट आत घेऊ नगं," आई म्हणाली. "श्वास सोड."

"सोडलाय की आई," धाकटी म्हणाली.